मोठ्यांच्या आणि मुलांच्या मेंदूतल्या गाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ब्रेन ट्यूमर आहे’ एवढं कानावर पडलं की पुढचं बोलणं डोक्यात शिरत नाही. पण या एका नावाखाली शंभराहून जास्त वेगवेगळे आजार येतात. त्यातले काही एका ऑपरेशनने कायमचे मिटतात, काहींवर वर्षानुवर्षं नुसती नजर ठेवली तरी पुरतं आणि काहींपुढे आजही उपचार तोकडे पडतात. पेशंट चाळीशीचा आहे की चार वर्षांचा, यावर तर सगळंच गणित बदलतं. म्हणून नातेवाइकांनी आधी आपली गाठ नेमकी कोणती हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या माणसाच्या आजाराबद्दल वाचलेलं मुलाला लावून घरच्यांनी धीर सोडलेला पाहिला की फार वाईट वाटतं.

मोठ्यांच्या आणि मुलांच्या गाठींत मुख्य फरक काय?

पहिला फरक जागेचा. कवटीच्या मागच्या भागात एक आडवा पडदा ताणलेला असतो, त्याला टेंटोरियम म्हणतात. त्याच्या वर मोठा मेंदू आणि खाली लहान मेंदू व ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा देठ. मोठ्यांच्या बहुतेक गाठी या पडद्याच्या वर होतात. मुलांत, विशेषतः शाळकरी वयापर्यंत, निम्म्याच्या आसपास गाठी पडद्याखाली असतात. अगदी तान्ह्या बाळांत मात्र पुन्हा वरच्या गाठींचं प्रमाण वाढतं.

जागेप्रमाणे लक्षणं बदलतात. वर गाठ असली की फिट येते, एका बाजूचा हातपाय जड पडतो, बोलताना शब्द सापडत नाहीत, स्वभाव बदलतो. खाली गाठ असली की मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, दाब वाढतो, उलट्या होतात आणि चालताना तोल जातो.

दुसरा फरक उगमाचा. मोठ्यांच्या मेंदूतली गाठ अनेकदा दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरमधून आलेली असते. मुलांत हे क्वचित घडतं. मुलांच्या बऱ्याच गाठी, सगळ्या नव्हे, मेंदूची वाढ चालू असताना अपक्व राहिलेल्या पेशींतून तयार होतात. मुलांच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या कॅन्सरखालोखाल मेंदूच्याच गाठींचा नंबर लागतो.

मोठ्यांमध्ये नेहमी आढळणाऱ्या गाठी कोणत्या?

मेंदूतल्या कॅन्सरच्या गाठींचा विचार केला तर बाहेरून पसरून आलेल्या, म्हणजे मेटास्टॅसिस, सगळ्यात जास्त. फुप्फुस, स्तन, त्वचेचा मेलानोमा, मूत्रपिंड आणि मोठं आतडं ही त्यांची नेहमीची उगमस्थानं.

कवटीच्या आतच सुरू झालेल्या गाठींमध्ये मेनिन्जिओमा पहिला. अशा गाठींतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा त्याचा आहे. मेंदूतच सुरू झालेल्या कॅन्सरमध्ये ग्लिओब्लास्टोमा पुढे, जवळपास निम्मा. त्याशिवाय मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ, ऐकण्या-तोल सांभाळण्याच्या नसेवरची श्वानोमा आणि मेंदूतला लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर. मोठ्यांबाबत डॉक्टरांच्या डोक्यात सुरुवातीला हीच नावं येतात.

मेनिन्जिओमा आणि ग्लिओब्लास्टोमा स्कॅनवर वेगळे कसे ओळखतात?

मेनिन्जिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो. म्हणजे तो मेंदूच्या बाहेर असतो आणि मेंदूला आत ढकलतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनआधी नसेतून दिलं जाणारं औषध, दिल्यावर तो एकसारखा उजळतो, त्याचा पाया आवरणाला रुंद चिकटलेला दिसतो आणि कडेने उजळ शेपटासारखा भाग निघालेला असतो. रिपोर्टमध्ये ‘ड्युरल टेल’ लिहिलेलं असतं ते हेच. आत कधी कॅल्शियम साठलेलं असतं. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि दहापैकी साधारण आठ मेनिन्जिओमा ग्रेड १ चे, म्हणजे सगळ्यात सौम्य, असतात. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये तो अचानक दिसला, लहान असला आणि त्रास देत नसला, तर ठरावीक काळाने एमआरआय करत राहणं हाच योग्य उपचार असू शकतो. ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ असा अर्थ त्यातून काढू नका.

ग्लिओब्लास्टोमा मेंदूच्या आतच असतो, त्याला धड सीमा नसते. मध्यभाग मेलेला, भोवती जाड वेडंवाकडं उजळलेलं कडं आणि बाजूला मोठी सूज, असं त्याचं चित्र असतं. दोन अर्धगोलांना जोडणारा पूल ओलांडून तो दुसऱ्या बाजूलाही जातो. साठीच्या आसपास किंवा पुढे जास्त आढळतो. लक्षणं काही आठवड्यांतच वाढत जातात, मेनिन्जिओमासारखी वर्षानुवर्षं रेंगाळत नाहीत. ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध, ही उपचारांची पद्धत २००५ पासून रूढ आहे. तरीही तो बहुतेकदा उलटतो आणि उपचार घेऊनही सरासरी आयुष्य सव्वा-दीड वर्षाच्या आसपास राहतं. नातेवाइकांना हे सुरुवातीलाच स्पष्ट आणि मायेने सांगायला हवं.

स्कॅनमध्ये एकापेक्षा जास्त डाग दिसले तर?

मोठ्या माणसात एकाहून जास्त गोल, कडा उजळलेले डाग असतील तर मेटास्टॅसिसचा विचार आधी होतो. हे डाग मेंदूच्या राखाडी आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर जास्त सापडतात, कारण तिथे रक्तवाहिन्या एकदम बारीक होतात आणि रक्तातून आलेल्या पेशी अडकतात. गाठीच्या मानाने सूज फार मोठी असते. मग छाती-पोटाचा स्कॅन आणि स्तनाची तपासणी करून मूळ शोधतात. आधी कॅन्सर झाला होता का, हा प्रश्न डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात. दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा.

पण जास्त डाग म्हणजे कॅन्सरच, असं नाही. क्षयाची गाठ, टेपवर्मच्या अळीची गाठ आणि पू झालेली गाठ हुबेहूब तशीच दिसू शकते. यातलं प्रत्येक दुखणं औषधांनी किंवा पू काढून बरं करता येण्यासारखं असतं, म्हणून नुसत्या फिल्मवरून निकाल देऊ नये.

रिपोर्टमध्ये ‘आयडीएच’ लिहिलंय. ते काय?

ते पेशीतल्या एका जनुकाचं नाव आहे आणि मोठ्यांच्या ग्लिओमात, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठींत, आज सगळं त्याच्यावर फिरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार मोठ्यांच्या पसरट, म्हणजे आसपासच्या मेंदूत मिसळत जाणाऱ्या, ग्लिओमाचे तीन मुख्य प्रकार उरले. आयडीएच जनुकात बदल आणि सोबत १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गायब, तर ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. बदल आहे पण तुकडे जागेवर आहेत, तर ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २ ते ४. आयडीएचमध्ये बदलच नाही, तर बहुधा ग्लिओब्लास्टोमा.

ऑलिगोडेंड्रोग्लिओमा साधारण तिशी ते पन्नाशीत, कपाळामागच्या भागात, फिट येऊन लक्षात येतो आणि सीटी स्कॅनवर त्यात कॅल्शियम दिसतं. रेडिएशन-केमोला तो चांगला प्रतिसाद देतो, अनेक पेशंट दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतात. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींना एकच नाव मिळायचं आणि दोन माणसांचं पुढे अगदी वेगळं काही व्हायचं. जनुकाच्या तपासणीने तो गोंधळ बराच मिटवला. ती राहिली असेल तर मागून घ्या.

पिट्यूटरीची आणि कानाच्या नसेची गाठ कशी वेगळी?

पिट्यूटरीची गाठ दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या खालीच वाढते, म्हणून दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसेनासं होतं. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, शेजारून येणारी गाडी त्याला दिसत नाही. हार्मोन बिघडले तर पाळी थांबते, बाळ नसताना दूध येतं किंवा हातपाय-जबडा मोठा होऊ लागतो. प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ कॅबरगोलिनसारख्या गोळीनेच आक्रसते. त्यामुळे रक्ताची तपासणी न करता ऑपरेशन ठरवू नये.

श्वानोमामध्ये एकाच कानाला हळूहळू कमी ऐकू येतं आणि त्याच कानात आवाज होतो. दोन्ही कानांकडे गाठी असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २ या आनुवंशिक आजाराची शक्यता तपासतात.

मुलांमध्ये कोणत्या गाठी जास्त होतात?

टेंटोरियमच्या पडद्याखालच्या चार गाठी समजून घ्या. चौघींचं पुढचं भवितव्य एकमेकींपासून फार वेगळं आहे.

पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा: ग्रेड १, सावकाश वाढणारी. लहान मेंदूच्या एका बाजूला पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली उजळ गाठ, असं चित्र. पूर्ण काढता आली तर बहुतेक मुलं कायमची बरी होतात, रेडिएशन-केमो काहीच लागत नाही. मोठ्यांतले ग्रेड २ चे ग्लिओमा काही वर्षांनी उग्र होतात, मुलांतल्या या सौम्य गाठी सहसा तशा उग्र होत नाहीत. २०२१ च्या वर्गीकरणात मुलांच्या पसरट ग्लिओमांचाही स्वतंत्र गट केला गेला.

मेड्युलोब्लास्टोमा: मुलांच्या मेंदूतल्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा. बेली आणि कुशिंग यांनी १९२५ मध्ये त्याचं वर्णन केलं. लहान मेंदूच्या मधोमध होतो, पाण्याची वाट अडवतो आणि पेशी दाटीवाटीने भरलेल्या असल्यामुळे सीटी स्कॅनवर पांढरट दिसतो. तो मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यात उतरतो, म्हणून पूर्ण मणक्याचा एमआरआय हवाच. जनुकांवरून त्याचेही चार गट आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटी गटातली दहापैकी नऊहून अधिक मुलं वाचतात. गट ३ सगळ्यात अवघड.

एपेंडायमोमा: लहान मेंदूसमोरच्या पाण्याच्या पोकळीतून (चौथी पोकळी) उगवतो आणि मुठीत दाबलेली ओली माती बोटांच्या फटींतून बाहेर यावी तसा पोकळीच्या छिद्रांतून बाहेर सरकतो. स्कॅनवर मेड्युलोब्लास्टोमापासून वेगळा ओळखायला ही खूण फार कामी येते. यात सर्जनने किती गाठ काढली, यावर पुढचं बरंच ठरतं. मोठ्या माणसांत हाच आजार मेंदूपेक्षा मणक्यात जास्त दिसतो.

चौथी गाठ ब्रेनस्टेमची, पॉन्स या त्याच्या मधल्या भागात पसरणारी, जिला आता डिफ्यूज मिडलाइन ग्लिओमा म्हणतात. पाच ते दहा वर्षांचं मूल, आणि काही आठवड्यांतच डोळा तिरळा, चेहरा वाकडा, चाल अडखळत. ती काढता येत नाही. रेडिएशनने काही महिने मूल खूप सुधारतं, पण बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपासच जगतात. ‘अमुक ठिकाणी नेलं असतं तर’ या विचाराने आईवडील स्वतःला जाळत राहतात. या आजारात उशिराने किंवा चुकीच्या दवाखान्याने फरक पडलेला नसतो, हे त्यांना कुणीतरी ठामपणे सांगायला हवं.

तीन वर्षांखालच्या मुलांत एटीआरटी नावाची उग्र गाठ मेड्युलोब्लास्टोमासारखीच दिसते. पेशीतलं आयएनआय-१ हे प्रथिन गायब आहे का, हे तपासून दोघींत फरक करतात.

स्कॅनवर एकच चित्र, पण वयानुसार निदान बदलतं?

हो. लहान मेंदूत पाण्याची पिशवी, भिंतीवर उजळ गाठ, हे चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पेशंट आठ वर्षांचा असेल तर पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा. तेच चित्र पस्तिशीत दिसलं तर हेमँजिओब्लास्टोमाचा विचार आधी करायचा. ही रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ, तिच्या कडेला जाड नसा काळ्या रेघांसारख्या दिसतात. तिचा तुकडा घ्यायला गेलं तर भळाभळा रक्त जातं, म्हणून सर्जन ती कडेकडेने सोडवून अख्खी बाहेर काढतात. शिवाय ती व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारात होऊ शकते, म्हणून डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंडही तपासावे लागतात. आणि पेशंट साठीचा असेल तर लहान मेंदूतली गाठ दुसरीकडून आलेली नाही ना, हे सगळ्यात आधी पाहायचं.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांत काय होतं?

किशोरवयीन मुलग्यांत मेंदूच्या मधोमध असलेल्या पाइनियल ग्रंथीपाशी जर्मिनोमा होतो. वर बघता येत नाही, ही त्याची खास खूण. रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात एएफपी व बीटा-एचसीजी ही अशा गाठींतून सुटणारी द्रव्यं तपासतात. जर्मिनोमा रेडिएशनला इतका चांगला विरघळतो की बहुतेक मुलं बरी होतात.

पिट्यूटरीच्या वर होणारा क्रेनिओफॅरिंजिओमा दोन वयांत दिसतो, शाळकरी मुलांत आणि पुन्हा पन्नाशीनंतर. मुलांत पाण्याच्या पिशव्या, कॅल्शियम आणि गडद तेलकट द्रव सापडतो. मूल उंचीत मागे पडतं, सारखं पाणी पितं, सारखी लघवी करतं, फळ्यावरचं दिसत नाही म्हणतं.

मुलात कोणती लक्षणं दिसली की थांबू नये?

सकाळची उलटी. रात्रभर आडवं झोपल्याने कवटीतला दाब वाढतो, मूल उठतं, डोकं धरतं, जोरात उलटी होते. उलटीनंतर बरं वाटतं आणि दहा वाजता ते खेळायला लागतं. मग घरात वाटतं, पोट बिघडलंय किंवा शाळा टाळायचं नाटक आहे. अॅसिडिटीची औषधं, जंतांची गोळी, आहारात बदल, यात महिने जातात. जुलाब नाहीत, ताप नाही, पोट दुखत नाही आणि आठवड्यामागून आठवडे सकाळीच उलटी, असं असेल तर मेंदूचा विचार झालाच पाहिजे.

मूल मान एका बाजूला कलती ठेवतंय, नव्याने तिरळं बघतंय, जिना उतरताना कठडा धरायला लागलंय, अक्षर बिघडलंय, आधी जमणारी गोष्ट आता जमत नाही, याकडेही बघा. बाळात टाळू फुगते, डोक्याचा घेर झपाट्याने वाढतो, डोळे सतत खाली वळलेले दिसतात. लहान मूल ‘डोकं दुखतंय’ असं सांगू शकत नाही, ते फक्त चिडचिडं होतं. रोज सोबत असणाऱ्या आईला काहीतरी बदललंय असं वाटतं, तेव्हा ते ऐकून घ्यावं. डॉक्टरांनीही.

मोठ्या माणसाची डोकेदुखी कधी गंभीर मानायची?

बहुतेक डोकेदुखी गाठीमुळे नसते. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, दिवसेंदिवस वाढणारी, झोपेतून उठवणारी, खोकल्या-वाकल्यावर वाढणारी डोकेदुखी दाखवून घ्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर स्कॅन हवाच, मग दुसऱ्या दिवशी कितीही ठणठणीत वाटो.

एमआरआयवरून नक्की निदान होतं का?

एमआरआय अंदाज देतो, बऱ्याचदा अचूक. पण पसरट ग्लिओमा किंवा मेड्युलोब्लास्टोमासारख्या गाठींत शेवटचा शब्द तुकड्याच्या तपासणीचा. अपवाद आहेत: मेटास्टॅसिसचं मूळ आधीच माहीत असेल, पाइनियलपाशी गाठ असून बीटा-एचसीजी किंवा एएफपी स्पष्टपणे वाढलेलं असेल, किंवा पॉन्समधल्या गाठीचं चित्र अगदी ठसठशीत असेल, तर बायोप्सीशिवायही निर्णय होतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मेंदूतला लिम्फोमा स्टेरॉइड दिल्यावर काही दिवसांत विरघळल्यासारखा होतो आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही. लिम्फोमाची शंका असेल आणि पेशंटची अवस्था तग धरण्यासारखी असेल तर बायोप्सीआधी स्टेरॉइड टाळतात. जवळच्या दवाखान्यात सुरू झालेलं इंजेक्शन कोणतं, हे चिठ्ठीसह दाखवा.

‘साधी गाठ’ म्हणजे काळजी नाही ना?

तसं म्हणता येत नाही. कवटी ताणत नाही. ग्रेड १ ची गाठ ब्रेनस्टेमला दाबत असेल किंवा पाण्याची वाट अडवत असेल तर ती जीवघेणी ठरू शकते. आणि ग्रेड म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. ग्रेड गाठीच्या पेशी किती उग्र आहेत हे १ ते ४ आकड्यांत सांगते.

मुलांच्या आणि मोठ्यांच्या उपचारांत काय फरक असतो?

सगळ्यात मोठा फरक रेडिएशनचा. वाढत्या मेंदूवर रेडिएशन दिलं तर पुढे शिकणं, लक्षात ठेवणं, उंची आणि हार्मोन यांवर परिणाम होतो. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलात शक्यतो रेडिएशन टाळून आधी केमो देतात. बीआरएएफ जनुकात व्ही-६००-ई हा बदल असलेल्या मुलांच्या सौम्य ग्लिओमात डाब्राफेनिब-ट्रामेटिनिब या गोळ्या उपयोगी पडतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर काही मुलं एक-दोन दिवसांत बोलणंच थांबवतात. आईवडील हादरतात. बोलणं बहुतेकांचं काही आठवड्यां-महिन्यांत परत येतं, पण ही शक्यता ऑपरेशनआधी सांगितलेली असावी.

गाठ कशामुळे होते? मोबाइलमुळे? आनुवंशिक असते का?

बहुतेकांत कारण सापडत नाही. लहानपणी डोक्याला मिळालेलं रेडिएशन हे सिद्ध झालेलं कारण आहे. मोबाइलमुळे गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्या लहरींना ‘शक्यता असू शकते’ अशा गटात टाकलं, त्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, पक्का नाही, एवढाच. आनुवंशिक आजारामुळे होणाऱ्या गाठी थोड्याच. अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असलेल्या मुलाची मात्र न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ साठी तपासणी करा. त्यात दृष्टीच्या नसेवर सौम्य गाठ होऊ शकते.

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला. आता काय बघायचं?

गाठीचं पूर्ण नाव, ग्रेड आणि जनुकांच्या तपासण्यांचे निकाल, तिन्ही लिहिलेले आहेत का ते बघा. मोठ्यांच्या ग्लिओमात आयडीएच, १पी-१९क्यू आणि एमजीएमटी (टेमोझोलोमाइड किती लागू पडेल याचा अंदाज देणारं जनुक). मेड्युलोब्लास्टोमात गट. मुलांच्या ग्लिओमात बीआरएएफ आणि एच-३ या जनुकांतले बदल. काही राहिलं असेल तर त्याच तुकड्यावर पुढची तपासणी होऊ शकते, पुन्हा डोकं उघडावं लागत नाही. त्यासाठी मेणात जपून ठेवलेले ब्लॉक आणि काचपट्ट्या हॉस्पिटलकडून मागा, त्यावर तुमचा हक्क आहे. रेडिएशन सुरू होण्याआधी या काचपट्ट्या मेंदूच्या गाठींचं काम नेहमी करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला एकदा दाखवून घ्या.